पलटण, पाला आणि पुरावा

लढाई काही तासांत आटोपते; पहारा, कूच, अपुरी झोप आणि हुकमाची वाट पाहणे मात्र महिनोन्‌महिने चालते. सैनिकाचे मन थकते ते या दुसऱ्या काळात. लक्ष ढळते, सवयीच्या कामात चुका होतात, निर्णयाला उशीर लागतो, क्षुल्लक कारणावरून भांडणे होतात. हा थकवा पुढे ढकलण्यासाठी जगातील बहुतेक फौजांनी कधी ना कधी झाडपाल्याचा आधार घेतला. कुठे कोकाची पाने होती, कुठे कोलाची फळे, कुठे अफू, भांग किंवा चहा.

हिंदुस्थानातील या इतिहासाचे एक महत्त्वाचे प्रकरण जुन्या मध्य प्रांताशी, म्हणजे नागपूर ज्याची राजधानी होते त्या मुलखाशी जोडलेले आहे. 1893 मध्ये सरकारपुढे प्रश्न होता, की वनस्पती माणसाचे डोके बिघडवते का. त्यानंतर शंभर वर्षांच्या आत संरक्षण खात्याच्या प्रयोगशाळांपुढे नेमका उलटा प्रश्न आला, की वनस्पती जवानाचे डोके ठिकाणावर ठेवू शकते का. दोन्ही वेळा अडचण एकच होती. दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणून त्यांतली एक दुसरीचे कारण ठरत नाही, आणि कारण सिद्ध करायचे तर प्रत्येक नोंद तपासावी लागते.

कामठीची छावणी

26 आणि 27 नोव्हेंबर 1817 या दोन दिवशी सीताबर्डीच्या टेकड्यांवर नागपूरचे राजे अप्पासाहेब भोसले यांची फौज आणि रेसिडेंट रिचर्ड जेंकिन्सच्या हाताखालील ईस्ट इंडिया कंपनीच्या पलटणी यांची लढाई झाली. संख्येने कितीतरी कमी असूनही कंपनीच्या पलटणी टिकल्या आणि नागपूरचे राज्य इंग्रजांच्या कह्यात गेले. या राज्यावर नजर ठेवण्यासाठी शहराच्या ईशान्येला, कन्हान नदीच्या काठी, 1821 मध्ये कामठीची छावणी वसवण्यात आली. दीर्घकाळ येथे मद्रास फौजेच्या पलटणी असत. 1854 मध्ये नागपूर संस्थान खालसा झाले, 1861 मध्ये मध्य प्रांत निर्माण झाला आणि नागपूर त्याची राजधानी बनले. 1867 मध्ये मुंबईहून रेल्वे नागपूरला पोचेपर्यंत पलटणींची ये-जा पायीच होत असे. तेलुगू आणि तमिळ मुलखांतून आलेल्या शिपायांना विदर्भाच्या उन्हाळ्यात आणि पावसाळ्यातील हिवतापात वर्षानुवर्षे राहावे लागे.

अशा आयुष्यात शिपायाला हाताशी मिळणाऱ्या उत्तेजक आणि शामक वस्तू बहुतांशी वनस्पतिजन्यच होत्या. अफू होती, तंबाखू होता आणि गांजाच्या झाडापासून मिळणारे तीन पदार्थ होते. पाने वाटून दुधात किंवा पाण्यात घेतली की ती भांग. मादी झाडाचे वाळवलेले, राळेने चिकट झालेले तुरे म्हणजे गांजा. आणि नुसती राळ म्हणजे चरस. गांजा ओढण्याची रीत ठरलेली होती. तुरा तळहातावर पाण्याने मळायचा, त्यात थोडा तंबाखू मिसळायचा, मातीच्या चिलमीत खडा घालून त्यावर भरायचा, वर निखारा ठेवायचा आणि चिलमीच्या बुडाला ओले फडके, म्हणजे साफी, गुंडाळून दम मारायचा. चिलीम एकट्याने क्वचितच ओढली जाई. ती गोल बसलेल्या मंडळींत हातोहात फिरे.

या झाडाकडे युरोपीय वैद्यकाचे लक्ष वेधले ते कलकत्त्याच्या विल्यम ब्रूक ओशॉनेसी या डॉक्टरने. त्याने आधी प्राण्यांवर आणि मग धनुर्वात, संधिवात, पटकी यांच्या रुग्णांवर गांजाचा अर्क वापरून पाहिला आणि 1839 मध्ये आपले निष्कर्ष मांडले. औषध म्हणून गांजाचा बोलबाला झाला; पण पुढे हिंदुस्थानातील वेड्यांच्या इस्पितळांतून वेगळीच हाकाटी सुरू झाली. वेडाच्या कारणांच्या रकान्यात ‘गांजा’ हा शब्द फार वेळा येऊ लागला.

1893 ची चौकशी

मद्यपानबंदीच्या चळवळीतले खासदार डब्ल्यू. एस. केन यांनी मार्च 1893 मध्ये ब्रिटिश पार्लमेंटमध्ये बंगालमधील गांजाच्या व्यापाराचा प्रश्न काढला. भारतमंत्री लॉर्ड किंबर्ली यांनी चौकशीला मान्यता दिली आणि हिंदुस्थान सरकारने तिची व्याप्ती बंगालपुरती न ठेवता सगळ्या देशाची केली. जुलै 1893 मध्ये ‘इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन’ नेमले गेले. अध्यक्ष डब्ल्यू. मॅकवर्थ यंग होते. सभासदांत ओमॅनी, फ्रेझर आणि रसायनशास्त्र जाणणारे लष्करी डॉक्टर वॉर्डन हे तीन युरोपीय आणि राजा शशिशेखरेश्वर राय, कुंवर हरनामसिंग व लाला निहालचंद हे तीन हिंदी गृहस्थ होते. यांपैकी अँड्र्यू फ्रेझर हे मध्य प्रांताचे सनदी अधिकारी होते. पुढे ते बंगालचे लेफ्टनंट गव्हर्नर झाले.

मध्य प्रांताला या चौकशीत वेगळे महत्त्व होते. येथे गांजाची लागवड मोकळी नव्हती. निमाड जिल्ह्यात परवान्यानेच ती करता येई आणि माल खंडव्याच्या सरकारी गोदामात जमा होई. तेथून तो परवानाधारक दुकानांत जाई. शेतापासून चिलमीपर्यंतचा बराचसा हिशेब सरकारी कागदांत असल्याने या प्रांतात खप किती आणि कोणाचा, याचा अंदाज इतर ठिकाणांपेक्षा बरा बांधता येत होता. मराठी मुलखात पश्चिमेकडे अहमदनगर, सातारा आणि सोलापूर हेही गांजाच्या पिकासाठी प्रसिद्ध जिल्हे होते.

कमिशनने लांबलचक प्रश्नावली छापून देशभर पाठवली. डॉक्टर, मामलेदार, वैद्य, हकीम, मिशनरी, अबकारी ठेकेदार, जमीनदार, बैरागी अशा 1,193 साक्षीदारांचे म्हणणे नोंदवले गेले. त्यांत 300 हून अधिक साक्षी वैद्यकीय व्यवसायातील लोकांच्या होत्या. देशी फौजेच्या अधिकाऱ्यांकडून निवडक प्रश्नांची उत्तरे मागवण्यात आली आणि त्यांचा स्वतंत्र पुरवणी खंड निघाला. 1894 मध्ये तयार झालेला मूळ अहवालच सात खंडांचा आणि तीन हजारांहून अधिक पानांचा आहे.

श्रम आणि नशा यांचा संबंध या अहवालात तपशिलाने आला आहे. कोण केव्हा भांग-गांजा घेतो, याचे वर्णन करताना कमिशनने मल्ल, कसरतपटू, गवई-वाजंत्री, पालखीचे भोई, हमाल, पाणबुडे आणि टपाल नेणारे हलकारे यांची नावे घेतली. विशेष कष्टाच्या प्रसंगी ही मंडळी ते घेत. थंडी-वाऱ्यात काम करणारे कोळी, नावाडी आणि रात्रीचे राखणदारही घेत. दमसास टिकतो, भूक मारली जाते, एकसुरी काम जड वाटत नाही, अशी त्यांची समजूत होती. शिपायाच्या आयुष्याशी या धंद्यांचे साम्य उघड आहे. दोन्हींत अंगमेहनत होती, जागरण होते आणि कंटाळाही होता.

नागपूरचा पागलखाना आणि कारणाचा रकाना

कमिशनच्या कामातील सर्वांत मोलाचा भाग वेड्यांच्या इस्पितळांशी निगडित आहे. नागपूरचे असे इस्पितळ 1864 मध्ये सुरू झाले. आज ते प्रादेशिक मनोरुग्णालय म्हणून ओळखले जाते. नागपूरकर मात्र त्याच्या लगतच्या चौकाला अजून पागलखाना चौकच म्हणतात. हिंदुस्थानातील अशा इस्पितळांचे तक्ते वाचले, तर गांजा हे वेडाचे फार मोठे कारण आहे असेच कोणालाही वाटले असते. बंदीची मागणी करणाऱ्यांचा सगळा भर या तक्त्यांवर होता.

हे तक्ते तयार कसे होतात, हे कमिशनने मुळाशी जाऊन पाहिले. रस्त्यात भटकणाऱ्या किंवा दंगा करणाऱ्या माणसाला पोलीस पकडून मॅजिस्ट्रेटपुढे उभे करीत. त्याला इस्पितळात धाडताना एक छापील फॉर्म भरावा लागे आणि त्यात वेडाच्या कारणाचा रकाना असे. रकाना रिकामा सोडला की वरून विचारणा होई. नातेवाईक बहुधा हजर नसत. तो कधी गांजा ओढत असे का, एवढे विचारले जाई. कोणी हो म्हटले की पोलीस अंमलदार किंवा कारकून ‘गांजा’ लिहून मोकळा होई. इस्पितळात तीच नोंद वहीत उतरवली जाई आणि वर्षाअखेर तिचाच तक्ता बने. इस्पितळांचे प्रमुख बहुधा जिल्ह्याचे सिव्हिल सर्जन असत. तुरुंग, दवाखाना आणि शवविच्छेदन सांभाळून ते हे काम पाहत. मनोविकारांचे खास शिक्षण त्यांच्यापैकी फार थोड्यांना होते, आणि नोंद तपासायला सवडही नव्हती.

कमिशनने 1892 या एका वर्षाचे दाखले हाती घेतले. त्या वर्षी देशातील इस्पितळांत 1,344 रुग्ण दाखल झाले होते आणि त्यांतील 222 जणांच्या नावापुढे गांजा-भांग हे कारण लिहिलेले होते. प्रत्येक दाखल्याचा माग काढण्यात आला. रुग्णाच्या गावी चौकशी झाली, घरात पूर्वी कोणाला वेड होते का ते विचारले गेले, आधी वेड लागले की आधी गांजा सुरू झाला हे पाहिले गेले. काही ठिकाणी असे निघाले, की रुग्ण गांजा ओढतच नव्हता. काही ठिकाणी वेडाची लक्षणे दिसू लागल्यावर त्याने चिलीम हाती धरली होती. चाळणी लावल्यावर 222 पैकी 98 दाखले उरले, म्हणजे एकूण दाखल रुग्णांच्या सुमारे सात टक्के. त्यांतही 61 ठिकाणी गांजा-भांग एवढेच कारण संभवत होते आणि 37 ठिकाणी त्याच्या जोडीला दुसरे कारण होते.

यावरून कमिशनने निष्कर्ष काढला, की माफक सेवनाने मनाला इजा होत नाही. अतिसेवनाने होऊ शकते, विशेषतः मूळची कमकुवत प्रकृती असेल तर. सरसकट बंदी घालू नये; लागवडीवर नियंत्रण, परवाने आणि कर यांनी खप आवरावा. राजा शशिशेखरेश्वर राय आणि लाला निहालचंद यांनी या मताशी असहमती नोंदवली.

निष्कर्षाचा पहिला भाग आज तसाच्या तसा स्वीकारता येत नाही, आणि तो दुरुस्त झाला तोही सैनिकांच्याच नोंदींमुळे. स्वीडनमध्ये सक्तीच्या लष्करी भरतीच्या वेळी 45,570 तरुणांना अमली पदार्थांबद्दल प्रश्न विचारले गेले होते. पुढील 15 वर्षांत त्यांच्यापैकी कोणाला स्किझोफ्रेनिया झाला, हे इस्पितळांच्या नोंदींवरून पाहण्यात आले. 1987 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, भरतीपूर्वी 50 हून अधिक वेळा गांजा घेतलेल्यांत हा आजार न घेणाऱ्यांच्या सहापट आढळला. 1893 च्या कमिशनकडे एका वर्षाचे दाखले होते; वर्षानुवर्षे पाठपुरावा केलेला तरुणांचा गट नव्हता. कारणाचा रकाना डोळे झाकून मानायचा नाही, ही त्याची शिस्त मात्र आजही प्रमाण आहे.

पाल्याकडून गोळीकडे

हिंदुस्थानात गांजाची चौकशी झाली त्याच्या आगेमागे युरोपच्या फौजा वनस्पतींकडे वेगळ्या आशेने पाहत होत्या. 1883 मध्ये थिओडोर आशेनब्रांट या जर्मन लष्करी डॉक्टरने सरावावर असलेल्या बव्हेरियन सैनिकांना न सांगता कोकेन देऊन पाहिले आणि थकलेले सैनिक पुन्हा ताजेतवाने झाल्याचे लिहिले. पुढच्याच वर्षी कोकावर लेख लिहिणाऱ्या सिग्मंड फ्रॉइडने त्याचा दाखला घेतला. आफ्रिकेतील कोलाच्या फळाचेही प्रयोग कूच करणाऱ्या पलटणींवर झाले. कोकेनचे व्यसन लागते हे लवकरच कळून चुकले. कोलातला गुण मुख्यतः कॅफीनचा निघाला.

पूर्वेकडून आलेली एक वनस्पती मात्र याहून लांब पोचली. चिनी वैद्यकात दम्यावर वापरल्या जाणाऱ्या एफेड्रापासून जपानी रसायनशास्त्रज्ञ नागाई नागायोशी यांनी 1885 मध्ये एफेड्रीन वेगळे केले आणि 1893 मध्ये, म्हणजे हेम्प कमिशन नेमले गेले त्याच वर्षी, त्यापासून मेथाम्फेटामीन तयार केले. दुसऱ्या महायुद्धात हेच रसायन ‘पर्व्हिटिन’ नावाच्या गोळीतून जर्मन सैनिकांच्या हाती आले. 1940 च्या उन्हाळ्यातील फ्रान्सच्या मोहिमेसाठी अशा सुमारे साडेतीन कोटी गोळ्या मागवल्या गेल्या. ब्रिटिश आणि अमेरिकन फौजांकडे तिचे चुलत भावंड, बेन्झेड्रीन, होते. ब्रिटिश सेनानी ऑर्ड विंगेटच्या, शत्रूच्या पिछाडीवर लढणाऱ्या पहिल्या चिंडिट तुकड्यांनी 1942 मध्ये मध्य प्रांताच्या सागर भागातील जंगलात सराव केला होता. त्यांच्या पुढच्या, 1944 च्या मोहिमेत ब्रह्मदेशच्या अरण्यात माणसे चालती ठेवण्यासाठी बेन्झेड्रीन वापरले गेले. गोळीने झोप पुढे ढकलली जाई, फिटत नसे. दोन-तीन रात्रींनंतर भास, संशय आणि अविचारी धाडस दिसू लागे, आणि गोळीचा अंमल उतरला की माणूस जागीच कोसळे.

त्याच युद्धात हिंदी पलटणींपर्यंत एक सौम्य वनस्पती मोठ्या प्रमाणावर पोचली, ती म्हणजे चहा. इंडियन टी मार्केट एक्स्पान्शन बोर्डाच्या चहाच्या गाड्या फौजांच्या मागोमाग फिरत. काहींवर ग्रामोफोनही असे. कामठीत 1942 मध्ये महार रेजिमेंटची दुसरी बटालियन उभी राहिली, तो काळ हाच. युद्ध संपेपर्यंत चहा लष्करी दिनक्रमाचा भाग झाला होता.

ताण सोसण्याचे शास्त्र

उत्तेजकाचा दोष असा, की ते उद्याची ताकद आज खर्च करते. सोव्हिएत संघातील संशोधकांनी म्हणून दुसरा मार्ग शोधला. शरीराला हिसका न देता ताण सोसण्याची त्याची शक्ती वाढवणाऱ्या पदार्थाला निकोलाय लाझारेव्ह यांनी 1947 मध्ये ‘अॅडाप्टोजेन’ म्हटले. त्यांचे सहकारी इस्राएल ब्रेखमान यांनी सैबेरियाच्या पूर्व टोकाला उगवणाऱ्या एल्युथेरोकोकस या झुडपावर वर्षानुवर्षे काम केले. ब्रेखमान आणि दार्दिमोव्ह यांचा 1969 चा लेख या विषयाचा पाया मानला जातो. असा पदार्थ निरुपद्रवी असावा, त्याने अनेक प्रकारच्या ताणांविरुद्ध बळ द्यावे आणि बिघडलेली क्रिया कोणत्याही बाजूला झुकलेली असो, ती पूर्वपदावर आणावी, अशा तीन कसोट्या त्यांनी घातल्या.

या कसोट्या वाचताना भारतीय वैद्यांना रसायन चिकित्सेची आठवण होणे साहजिक होते. चरकसंहितेत बुद्धी आणि स्मृतीसाठी मंडूकपर्णी, ज्येष्ठमध, गुळवेल आणि शंखपुष्पी अशी चार मेध्य रसायने सांगितली आहेत. त्यांच्या जोडीला ब्राह्मी, अश्वगंधा, शतावरी, आवळा आणि शिलाजित यांचा वापर परंपरेने चालत आला. नागपुरात ही परंपरा कारखान्यातही उतरली. 1917 मध्ये कलकत्त्यात सुरू झालेल्या श्री बैद्यनाथ आयुर्वेद भवनाने 1940 च्या दशकात येथे उत्पादन सुरू केले आणि च्यवनप्राश, अश्वगंधारिष्ट यांसारखी औषधे विदर्भाच्या घराघरांत पोचवली. सिपना-मेळघाटापासून गोंदियापर्यंतच्या जंगलपट्ट्यातून आवळा, बेहडा, हिरडा, सफेद मुसळी असा माल बाजारात येतच होता.

लष्करी गरज निर्माण झाली ती हिमालयात. 1962 मध्ये दिल्लीत संरक्षण शरीरक्रियाविज्ञान व संबंधित शास्त्रे संस्था, म्हणजे डिपास, स्थापन झाली. त्याच वर्षीच्या चीनविरुद्धच्या युद्धात उंची, थंडी आणि विरळ हवा यांनी सैनिकांची काय दशा होते ते दिसले. 13 एप्रिल 1984 रोजी ‘ऑपरेशन मेघदूत’ सुरू झाले आणि सियाचीनवर कायमची ठाणी बसली. कामठीत आता ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचे रेजिमेंटल केंद्र होते. 1949 मध्ये उभ्या राहिलेल्या या रेजिमेंटचे केंद्र 1970 च्या दशकात राजस्थानातील कोट्याहून येथे आले होते. अशा केंद्रांत 45 अंशांच्या उन्हात तयार झालेला जवान काही महिन्यांत 5,000 मीटरवर पहारा देऊ शकतो. तेथे ऑक्सिजन निम्म्याच्या आसपास येतो, झोप तुकड्यातुकड्यांत लागते, स्मरण आणि लक्ष मंदावते.

डिपासच्या शास्त्रज्ञांनी या परिस्थितीची छोटी प्रतिकृती प्रयोगशाळेत केली. 1990 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पद्धतीत उंदराला हालचाल करता येणार नाही असे जखडून 5 अंश सेल्सिअसच्या कोठीत ठेवतात. कोठीतील हवेचा दाब 428 मिलिमीटरपर्यंत, म्हणजे सुमारे 4,500 मीटर उंचीवर असतो तेवढा, उतरवतात. गुदद्वारात बसवलेल्या तापमापकावर शरीराचे तापमान उतरताना दिसते. ते 23 अंशांवर आले की उंदराला बाहेर काढतात आणि तापमान पुन्हा 37 अंशांवर यायला किती वेळ लागतो ते मोजतात. आधी वनस्पतीचा अर्क दिलेला उंदीर सावकाश गारठला आणि लवकर सावरला, तर त्या अर्कात ताण सोसवण्याचा गुण आहे असे मानले जाते. थंडी, विरळ हवा आणि कोंडमारा हे तिन्ही ताण एकाच वेळी देणारी ही पद्धत अनेक अर्कांसाठी वापरली गेली. ‘कॉम्पोझिट इंडियन हर्बल प्रिपरेशन’ नावाचे बहुवनस्पती मिश्रण, सीबकथॉर्न आणि लडाखमधील रोडिओला हे त्यांतील काही. रोडिओलाला लडाखी लोक ‘सोलो’ म्हणतात आणि त्याच्या पाल्याची भाजी करतात. पंतप्रधानांनी ऑगस्ट 2019 मधील भाषणात उल्लेख केल्यावर ही वनस्पती देशभर चर्चेत आली. ब्राह्मीच्या पानांच्या अर्काने विरळ हवेत ठेवलेल्या उंदरांच्या स्थलस्मृतीतील बिघाड कमी झाल्याचे डिपासच्या गटाने 2009 मध्ये दाखवले. त्याआधी लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने ब्राह्मीतील बॅकोसाइड या घटकांवर दीर्घकाळ काम करून स्मरणशक्तीसाठीचे औषध 1990 च्या दशकात बाजारात आणले होते.

माणसावरची कसोटी

उंदरावर उतरलेला गुण जवानात उतरेलच असे नाही. माणसांवरील चाचण्या आहेत, पण बहुतेक नागरी लोकांवरील आहेत. 2012 मध्ये हैदराबादच्या संशोधकांनी ताणाची तक्रार असलेल्या 64 प्रौढांना 60 दिवस अश्वगंधेच्या मुळाचा अर्क किंवा तसाच दिसणारा निष्क्रिय पदार्थ दिला. अर्क घेणाऱ्यांच्या रक्तातील कॉर्टिसोल या ताण-संप्रेरकाचे प्रमाण सुमारे 28 टक्क्यांनी उतरले. ऑस्ट्रेलियात 46 निरोगी लोकांवर झालेल्या, 2001 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ब्राह्मीचा परिणाम पाचव्या आठवड्यात दिसला नाही, तो 12 आठवड्यांनी दिसला. आज चूर्ण घेऊन उद्याच्या गस्तीवर जाणाऱ्याला त्याचा काही उपयोग नाही, हे यातून निघते.

खुद्द लष्करी तरुणांवरील चाचण्या मोजक्याच आहेत. 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका रशियन चाचणीत रात्रपाळीवरील 19 ते 21 वयाच्या 161 छात्रांना रोडिओलाचा एकच डोस देण्यात आला. मानसिक कामाच्या कसोट्यांत अर्क घेणाऱ्यांचा थकवा कमी दिसला. डोस वाढवून मात्र फारसा फरक पडला नाही. तुलनेसाठी 2002 मधील अमेरिकी नौदलाची चाचणी पाहण्याजोगी आहे. सील कमांडोंच्या खडतर सरावात 72 तास जागे राहिलेल्या 68 जणांना कॅफीनचे वेगवेगळे डोस देण्यात आले. 200 मिलिग्रॅम, म्हणजे दोन-तीन कप कॉफीइतक्या कॅफीनने, सावधपणा आणि प्रतिसादाचा वेग सुधारला. नेमबाजीच्या अचूकतेत फरक पडला नाही. वनस्पतिजन्य पदार्थांत सैनिकाच्या सावधपणावरचा सर्वांत भक्कम पुरावा आजही चहा-कॉफीतल्या या घटकाचाच आहे.

नियम आणि निवाडा

पुराव्याबरोबर शुद्धतेचाही प्रश्न आहे. 1964 च्या दुरुस्तीने आयुर्वेदिक औषधे 1940 च्या औषध कायद्याच्या कक्षेत आली. 1985 च्या अमली पदार्थ कायद्याने गांजा आणि चरस बंद केले; भांगेची पाने मात्र त्या व्याख्येबाहेर राहिली. 2004 मध्ये अमेरिकेतील बॉस्टन परिसरात विकल्या जाणाऱ्या 70 आयुर्वेदिक उत्पादनांची तपासणी झाली, तेव्हा 14 उत्पादनांत शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळले. त्यानंतर 2006 पासून निर्यातीच्या वनौषधींसाठी जड धातूंची चाचणी सक्तीची झाली. एकाच नावाच्या दोन डब्यांतील अर्काचे प्रमाण वेगळे असू शकते, आणि अश्वगंधा थायरॉइडच्या किंवा झोपेच्या गोळ्यांच्या परिणामात ढवळाढवळ करू शकते. म्हणून लष्करी डॉक्टरला न सांगता घेतलेला पूरक आहार धोक्याचा ठरतो.

2022 मध्ये संरक्षण आणि आयुष मंत्रालयांनी देशातील 37 छावणी मंडळांच्या रुग्णालयांत आयुर्वेद केंद्रे सुरू करण्याचा निर्णय घेतला. सैनिक आणि त्यांच्या कुटुंबीयांसाठी ती मोठी सोय आहे. या केंद्रांत तपासून आणि जोड्या लावून नोंदी ठेवल्या गेल्या, म्हणजे औषध घेणारा व न घेणारा, उंचीवरचा व सपाटीवरचा, आजाराआधीचा व नंतरचा, तर भारतीय वनस्पतींबद्दलचा आज तुटपुंजा असलेला लष्करी पुरावा काही वर्षांत उभा राहू शकतो. ‘गुण आला’ एवढेच लिहिले गेले, तर ती वही 1892 च्या पागलखान्यांच्या वहीइतकीच निरुपयोगी ठरेल. तोवरचा निवाडा साधा आहे: अश्वगंधा, ब्राह्मी आणि रोडिओला आश्वासक आहेत, पण सिद्ध नाहीत, कॅफीन सिद्ध आहे, पण तात्पुरते, आणि पुरेशी झोप, वेळेवर पाळीबदल व हक्काची रजा यांची जागा घेणारी वनस्पती अद्याप कोणाला सापडलेली नाही.